तळ्याचा उरलेला कोपरा

"ताई, तळ्याच्या पल्याड जाऊन एक पाखरू पाह्याचं? घरी कोंबड्या काय कमी हायेत का?"

बचत गटाच्या बैठकीत मी विषय काढला आणि पहिली प्रतिक्रिया ही अशी आली. सगळ्या जणी खो खो हसल्या. मीही हसले. खरं सांगायचं तर मैत्रिणींनो, महिनाभर आधी मला कुणी हे सुचवलं असतं तर मीही असंच काहीतरी बोलले असते. चिमणी, पोपट, बगळा आणि पितृपक्षात आठवण होणारा कावळा, एवढ्यावर माझं पक्ष्यांचं ज्ञान संपत होतं. आणि ज्या तळ्याकाठी पक्षी बघायला चला म्हणून मी बायकांना सांगत होते, त्याच तळ्याचा तो काठ पोकलेन लावून खणून काढावा, असा अर्ज माझ्या पिशवीत तयार होता. त्यावर ४३ सह्या आणि अंगठे होते. पहिली सही माझी!

हे गाव यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण नाव छापून आलं की गाड्या भरभरून लोक येतात आणि मग पक्षीही राहत नाही, काठही राहत नाही. गावात तीन बचत गट आहेत. त्यांच्या कामानिमित्त माझं दहा-बारा वर्षांपासून जाणं-येणं आहे.

२०१८ चा उन्हाळा आपल्या जिल्ह्यातल्या बायका विसरणार नाहीत. यवतमाळ शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं कोरडी पडली होती आणि शहरात माणसं रात्र रात्र टँकरची वाट बघत जागत होती. शहराची ही गत, तर खेड्यांचं कोण विचारतो? पुढचंही साल तसंच गेलं. या गावच्या तळ्यात तेव्हा मे महिन्यात पोरं क्रिकेट खेळत होती. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारची योजना २०१७ पासून सुरू झाली होती. आम्ही बायकांनी ग्रामसभेत तो विषय लावून धरला, तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या आणि २०१९ च्या उन्हाळ्यात तळ्यात मशीन उतरली. त्या दिवशी बायकांनी पोकलेनला हळदकुंकू लावलं होतं. ट्रॉलीमागून ट्रॉली गाळ शेतांत गेला. ज्यांनी तो टाकला त्यांचा कापूस दुसऱ्या वर्षी कंबरेच्या वर आला. आणि तळ्याचं म्हणाल, तर त्यानंतर ते पूर्ण आटलेलं आम्ही पाहिलेलं नाही.

इथपर्यंत सगळं छान. पण मशीनवाल्याला घाई होती. त्याने तीन बाजूंचे काठ भिंतीसारखे उभे कापले. पूर्वी जिथे बायका उतारावर बसून धुणं धूत, तिथे आता पाय टाकला की सरळ छातीइतकं पाणी. एक नवी सून घसरली, तिला बाकीच्यांनी लुगडं फेकून ओढून काढलं. एका आजीची म्हैस पाण्यात उतरली ती तिला वर चढताच येईना. संध्याकाळपर्यंत धडपडून ती गेली. माझ्या मनाला ते फार लागलं. पण तेव्हा मी समजूत अशी घातली की काम अर्धवट राहिलं म्हणून हे झालं. कारण चौथा कोपरा तेवढा राहून गेला होता. पाऊस आला, मशीन गेली आणि शेतांकडून ओहोळ येऊन मिळतो तो कोपरा तसाच राहिला. लव्हाळा, पाणकणीस, बेशरमाची झुडपं आणि घोटाभर चिखल. डासांचं आगर! तो एकदा खणून झाला की तळं पूर्ण होईल, असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. म्हणून नवा अर्ज.

अर्जाची कुणकुण लागली आणि गावच्या हायस्कूलमधले एक सर दसऱ्यानंतर माझ्याकडे आले. हे सर पक्ष्यांचे वेडे. रविवारी दुर्बीण गळ्यात अडकवून बेंबळा धरणाच्या काठाने फिरतात, म्हणून त्यांच्या घरी नेहमी कुरबुर असते म्हणे. चहा घेता घेता त्यांनी मोबाइलमधला एक फोटो दाखवला. "ताई, ही तुमच्या त्या कोपऱ्यात राहते."

फोटो बघून मी खरंच चकित झाले. मान आणि छाती डाळिंबी रंगाची. डोळ्याभोवती पांढरंशुभ्र, मागे टोक ओढलेलं, जणू काजळाऐवजी कुणी चुन्याने डोळा रेखला आहे. छातीवरून खांद्यावर चढलेला पांढरा पट्टा म्हणजे अगदी पदराचा काठ. लांब, टोकाशी किंचित वाकलेली चोच. नाव रंगीत पाणलावा. लांबी २५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या वितीपेक्षा थोडी जास्त.

"दुर्मिळ आहे का हो?" मी विचारलं. अर्जाच्या मार्गात आडवं यायचं तर निदान दुर्मिळ तरी असावं!

सर प्रामाणिक माणूस. म्हणाले, "पुस्तकाप्रमाणे नाही. आफ्रिकेपासून जपानपर्यंत सापडतो. पण दिसायला दुर्मिळ आहे. दिवसभर गवतात बसून राहतो, चाहूल लागली तरी हलत नाही, पायाखाली येईपर्यंत उडत नाही. बाहेर पडतो तो दिवेलागणीला. अठरा वर्षं मी जिल्ह्यातली तळी फिरतोय, नीट दिसला तो चार वेळा. त्यातला दोनदा या कोपऱ्यात."

मग त्यांनी दुसरा फोटो दाखवला. मातकट, करड्या रंगाचा, पंखांवर पिवळसर ठिपके असलेला, एकूण गरीब दिसणारा पक्षी. मी म्हटलं, "ही मादी वाटतं?"

"नाही ताई. हा नर. ती मघाची देखणी होती ना, ती मादी."

मोराच्या, कोंबड्याच्या उलट! आणि उलटं म्हणजे किती उलटं, ते पुढेच. या पक्ष्यात मादी नरापेक्षा मोठी असते, रंगाने उजवी असते, आणि संध्याकाळी आवाज देते तीही मादीच. ती साधारण चार अंडी घालते आणि निघून जाते. अंड्यांवर बसतो नर. दोन-अडीच आठवडे तो एकटा बसतो, आणि पिल्लं झाली की त्यांना चिखलातून हिंडवणं, पंखाखाली घेणं, सगळं त्याचंच. तोवर मादीने दुसऱ्या नराशी संसार मांडलेला असतो, आणि पाऊसपाणी चांगलं असेल तर तिसऱ्याशीही!

बैठकीत मी हेच सांगितलं आणि तिथे जो काही गोंधळ उडाला तो लिहिण्यासारखा नाही.

"नर बसते अंड्यावर? अन् मादी कोठी जाते वो?"

"तिले काय, फिरून रायली असंन गावभर!"

"मंग तं थे बाई भारीच हाय. चाला ताई, पाहूनच येऊ."

कोंबड्यांचं विचारणारी मघाची बाई आता सगळ्यात पुढे होती. एकीने तर आपल्या नवऱ्यालाही घेऊन येते म्हटलं, "थोडं शिकून घेईन थो." हसणं ओसरलं तेव्हा कोपऱ्यात बसलेली, एरवी कधी न बोलणारी एक जण म्हणाली, "आमच्या घरी तं मीच नर अन् मीच मादी." तिच्या नवऱ्याने कर्जापायी फवारणीचं औषध पिऊन जीव दिला, त्याला सहा वर्षं झाली. दोन पोरं, तीन एकर कोरडवाहू. कुणी काही बोललं नाही. मग अध्यक्षबाईंनी वहीत 'पक्षी पाहणे' असं लिहिलं आणि तारीख विचारली.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. या पक्ष्याला स्त्रीमुक्तीचं उदाहरण करून भाषणात वापरायचा मोह मला झाला होता. नको म्हटलं. बिचाऱ्याला आपली भांडणं माहीत नाहीत. चिखलातलं घरटं म्हणजे उघड्यावरचा संसार. पाणी वाढलं की बुडतं, मुंगूस-सापाच्या तोंडी जातं. पाणथळ जागा टिकते थोडे दिवस, तेवढ्यात जितकी घरटी साधतील तितकी साधायची, हा त्यामागचा हिशेब असावा असं सर सांगतात. कमळाच्या पानांवरून चालणारा लांब शेपटीचा कमळपक्षी असतो ना, त्याच्यातही हीच रीत आहे, तिथेही अंडी नरच सांभाळतो. पाण्याकाठच्या संसाराची काही वेगळी गणितं असतील. आपण आपली आपल्यापाशी ठेवावीत.

आता प्रश्न होता संध्याकाळचा. पक्षी दिसणार दिवेलागणीला, आणि नेमक्या त्याच वेळी बाईने घरात असायला हवं! सकाळी दहा कोस जा, कुणी विचारत नाही. सांजवातेच्या वेळी अर्धा तास घराबाहेर दिसलीस तर कुठे गेली होतीस. शहरात राहणाऱ्यांना यात काय एवढं असं वाटेल. पण आपल्याला माहीत आहे. तेव्हा तारीख आम्ही हुशारीने धरली. ५ नोव्हेंबर २०२५, त्रिपुरी पौर्णिमा. त्या दिवशी तळ्यावर दिवे सोडायला बायका जातातच. तिकडे सरांनाही तीच तारीख हवी होती. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस. वनखात्यात छत्तीस वर्षं नोकरी करता करता ज्यांनी आपल्या विदर्भातल्या रानांवर, पाखरांवर मराठीत लिहिलं, 'पक्षिकोश' केला, ते चितमपल्ली. त्यांना २०२५ मध्येच पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरात ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून २०२० पासून राज्यात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. सरांचा सप्ताह आणि आमची पौर्णिमा एकाच दिवशी आली होती.

दुपारी चारलाच आम्ही निघालो. अकरा बायका, सर आणि सरांची सहावीतली मुलगी. माझी जाऊही यवतमाळहून हौसेने आली होती. सगळ्यात म्हातारी आमची आजी, म्हैस गेली ती हीच, काठी टेकत पुढे. कापसाची वेचणी चालू होती; दोघी-तिघी वावरातूनच आल्या, ओटीत कापूस तसाच. कणकेचे दिवे, फुलवाती, पळसाच्या पानांचे द्रोण आणि तेलाची बाटली माझ्या पिशवीत, अर्जाच्या बाजूला.

वाटेतच सरांनी अटी घातल्या. बोलायचं नाही, उठायचं नाही, उजेड करायचा नाही, मोबाइल बंद. दिवे पक्षी पाहून झाल्यावर आणि तेही देवळाच्या बाजूला. "अर्धा तास गप्प बसायचं?" एकीने घाबरून विचारलं. लग्नापासून असं काही न करता अर्धा तास बसलेलं तिला आठवत नव्हतं. हातात तुरीच्या शेंगा तरी सोलू द्या म्हणाली. सरांनी परवानगी दिली नाही.

बांधावर निंबाखाली आम्ही ओळीने बसलो. समोर पन्नास-साठ पावलांवर तो कोपरा. इतकी वर्षं त्याच्याकडे घाण म्हणूनच पाहिलं होतं, पण बसून बघितलं की काय काय दिसायला लागतं! लाल काड्यांसारख्या पायांवर चालणारे शेकाटे. बुडून दुसरीकडेच वर येणारी टिबुकली. सर पुटपुटत नावं सांगत होते आणि त्यातलं एक नाव ऐकून ओळीतून हलकी कुजबुज गेली: हळदीकुंकू बदक. चोचीच्या टोकाला पिवळं आणि बुडाशी लाल ठिपके, अगदी हळदीकुंकू लावल्यासारखं. इतक्या वर्षांत हे नाव आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

साडेपाचनंतर सूर्य टेकडीआड गेला. पाठीमागून, तुरीच्या वावरावर, चंद्र आला होता. त्या वर्षीचा तो सगळ्यात मोठा दिसणारा चंद्र, असं सरांच्या मुलीने आधीच सांगून ठेवलं होतं. बगळे गावाकडे परतले. टिटवीने एकदा आरडाओरडा केला आणि तीही गप्प झाली. मच्छर मात्र अंगाला डसत होते, आणि माझ्या मनात सारखं येत होतं, काय हा वेडेपणा, घरी कुकर लावायचाय.

आणि मग सरांनी बोट केलं.

लव्हाळ्याच्या बुडाशी चिखलच हलल्यासारखा वाटला. मग त्या चिखलाला चोच दिसली. शेपटीकडचा भाग खालीवर खालीवर नाचवत एक करडा पक्षी बाहेर आला, थांबला, दोन पावलं चालला, पुन्हा थांबला. चोच चिखलात डावी-उजवीकडे फिरवत होता, पोळ्या लाटताना आपण पोळपाटावरचं पीठ सारखं करतो तसं. नर होता. आणि त्याच्या मागून... एक, दोन, तीन. जुन्या कापसाच्या बोळ्यांएवढी पिल्लं, पाठीवर लांब रेघा, पाय मात्र अंगाच्या मानाने केवढाले! दुर्बीण एकच होती, ती ओळीतून हाताहाताने पुढे गेली. कुणी एक शब्द बोललं नाही. ओटीतला कापूस घट्ट धरून अकरा बायका श्वास रोखून बसल्या होत्या.

तेवढ्यात एकीच्या कंबरेतून गणपतीची आरती सुरू झाली!

मोबाइल. नवऱ्याचा फोन. तिने तो पदरात दाबला, चिमटला, शेवटी त्यावर बसली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. पक्षी पळाला मात्र नाही. जिथे होता तिथे गोठला. पिल्लंही दिसेनाशी झाली, चिखलात चिखल. किती वेळ गेला कोण जाणे, आमच्यापैकी कुणीच मान वळवायला तयार नव्हतं. आणि मग ती शेपटी पुन्हा नाचायला लागली.

मादी दिसली ती अगदी शेवटी, दोन मिनिटं. खरं सांगते, फोटोतला तो डाळिंबी रंग काही दिसला नाही. उजेड उरलाच नव्हता. दिसला तो डोळ्याचा पांढरा रेखाव आणि खांद्यावरचा पांढरा काठ, चांदण्यात वेगळे चमकत असलेले. ती पिल्लांकडे फिरकलीही नाही. पाणकणसाच्या पलीकडे गेली आणि तिकडून आवाज आला. ऊक्... ऊक्... ऊक्... रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की निघतो तसा, घुमणारा, खोल आवाज. एवढ्याशा जिवाला तो जमतो कसा? या पक्ष्यात मादीची श्वासनलिका नरापेक्षा लांब असते म्हणे, त्यामुळे.

आजी एकदम माझा हात धरून म्हणाली, "मले मालूम हाय ह्या आवाज." आता कुणी गप्प बसायला सांगितलं नाही. "आमची माय म्हने, तळ्यातला बुवा घुमून रायला, घरी चाल. म्या जलमभर भ्यालो ह्याले. अन् ह्ये तं बाई निंघाली!"

परत येताना देवळापाशी दिवे सोडले. पिशवीतली तेलाची बाटली वाटेत कुठेतरी कलंडली होती, अर्ज तेलात भिजला होता. ४३ सह्यांवरून शाई पसरलेली.

अर्ज तर नव्याने लिहायलाच हवा होता. पण काय लिहायचं? दुसऱ्या बैठकीत यावर जुंपली. आणि मला सगळ्यात जास्त पटलं ते माझ्या विरुद्ध बोलणाऱ्या बाईचं. तीच ती, तीन एकरवाली. तिचं वावर तळ्याच्या खाली आहे, विहिरीला पाणी तळ्याच्या पाझराचं. ती सरळ उभी राहिली. "तळ्यात पानी कमी पडलं तं तुमचं पाखरू मले पानी देईन का?"

याला उत्तर नव्हतं. पाणी पिऊनच पाखरंही जगतात आणि आपणही, वगैरे मी बोलू शकले असते, पण तिच्यासमोर तसलं बोलायची मला लाज वाटली. तिच्या विहिरीचा हिशेब हंड्यांत होतो.

उत्तर निघालं ते चिखलातूनच. सर फळ्यावर खडूने तळं काढून दाखवत होते. तळ्याचा काठ उतरता असला की पाणी जसजसं कमी होतं तसतशी महिन्या-महिन्याला ओल्या चिखलाची नवी पट्टी उघडी पडते. त्यात गोगलगायी, किडे, गांडुळं, म्हणजे पाणलाव्याचं ताट. काठ उभा कापला की पाणी कितीही उतरलं तरी अशी पट्टी पडतच नाही. पक्षी चालणार कुठे? हे ऐकत असलेली आजी म्हणाली, "अन् म्हैस कोठून चढन?" क्षणभर सगळ्या तिच्याकडे बघत राहिल्या. ज्या उतारावर ते पिल्लू चालत होतं तसल्याच उतारावर आमच्या बायका धुणं धूत होत्या, तसल्याच उतारावरून जनावरं वर येत होती. २०१९ मध्ये आम्ही पाण्याबरोबर तो उतारही खणून टाकला होता.

आणि दुसरी गोष्ट त्या तीन एकरवालीनेच सांगितली. ओहोळ त्या कोपऱ्यातून येतो. पावसाळ्यात वावरांतली माती घेऊन येतो आणि लव्हाळ्यात अडखळतो. माती तिथे बसते, पुढे पाणी निवळून जातं. लव्हाळा काढला की माती थेट तळ्याच्या मधोमध जाईल आणि दहा वर्षांत पुन्हा अर्ज. नुसती मातीच कशाला? फवारणीचं काय काय वाहून येतं ते आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किती शेतकरी-मजूर गेले, कितींची नजर गेली, ते आपण घरोघर पाहिलं आहे. धुणं-भांडी आपण त्याच पाण्यात करतो.

तेव्हा नवा अर्ज असा झाला: मधला भाग आणखी खोल करावा. उभ्या कापलेल्या तीन बाजूंपैकी धुण्याच्या आणि जनावरांच्या जागी उतार करून द्यावा. ओहोळाचा कोपरा आहे तसा ठेवावा, आणि मशीन लावायची ती भर उन्हाळ्यात, पावसाच्या आत बाहेर काढावी, कारण पाऊस पडला की यांची घरटी सुरू होतात. सह्या ३१ झाल्या. बारा जणींनी केल्या नाहीत. त्या बाराजणी काही माझ्या वैरिणी नाहीत, डासांनी ज्यांच्या पोरांना डेंग्यू झाला त्यांनी का म्हणून करावी?

अर्ज घेऊन मी गेले तेव्हा एका साहेबांनी तो दोनदा वाचला. खोली किती, गाळ किती घनमीटर, हे त्यांच्या कागदात बसत होतं. 'कोपरा तसाच ठेवणे' याला रकाना नव्हता. न केलेल्या कामाचं अंदाजपत्रक कसं करायचं, असं त्यांनी विचारलं, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं. आपल्या राज्यात नांदूरमध्यमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी या पाणथळ जागांना रामसरचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला आहे. तिथे पाट्या आहेत, पहारे आहेत. गावतळ्याच्या कोपऱ्याला साधं नावही नसतं. सातबाऱ्यावर नसतं, नकाशावर नसतं, अर्जात लिहायचं तर 'उर्वरित भाग' म्हणूनच लिहावं लागतं.

ग्रामसभेत विषय आला तेव्हा पुरुषांनी आधी भरपूर हसून घेतलं. नर अंड्यावर बसतो ही बातमी तोवर गावभर झाली होती. मग ठराव झाला: उतार करायचे, मधला गाळ काढायचा, ओहोळाचा कोपरा यंदापुरता राहू द्यायचा. यंदापुरता! हा शब्द घालायला कुणी लावला ते मला ठाऊक आहे, पण भांडले नाही.

परवा संध्याकाळी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि फोन वाजला. तीन एकरवाली. अर्जावर सही न करणाऱ्या बाराजणींतली. वावरातून बोलत होती. "ताई, कवापासून बोलून रायली थे. आयका." तिने फोन तळ्याकडे धरला असावा. मला ऐकू येत होती ती कुणाच्या तरी मोटरपंपाची धडधड, आणि वारा.

"आलं का आयकू?"

"नाही गं."

"थांबा. मोटर बंद करून येतो. ठेवू नोका."

तिच्या चपलांचा आवाज बांधावरून लांब गेला. मी फोन कानाला लावून उभी राहिले आणि दुसऱ्या हाताने गॅस बारीक केला.